पाच मेंढ्यांचा कॅमेरा

बजाजनगरात पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या तेव्हाची ही गोष्ट, एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची. त्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं हे शेजारणीला आधी कळायचं आणि शिजवणारीला मागाहून. अशा ठिकाणी राजाबाईनं एक दिवस नळावर, हंडा भरता भरता, फक्त सरूबाईला सांगितलं की मेंढरं विकून कॅमेरा घ्यायचाय. सरूबाई शेजारच्या खोलीतली. जीव लावणारी बाई, पण पोटात पाणी ठरेल एक वेळ, बातमी ठरणार नाही. राजाबाईचा नवरा मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याला ही बातमी कॅन्टीनमध्ये, डाळीत पोळी बुडवताना, तिसऱ्याच माणसाकडून कळली.

घरी आला. चपला काढल्या, पाणी प्याला, आणि म्हणाला, "टीव्ही घेतला असता तर चार मान्सं रोज बघत बसली असती."

"फोटू बी बघत्यातच की," राजाबाई म्हणाली.

"फोटू एकडाव बघत्यात."

"मायचं तोंड एकडाव बी बघितलं नाय कोनी."

इथं मुंजाबा गप्प झाला. एकतर त्याचा स्वभावच गप्प बसायचा. दुसरं म्हणजे ती मेंढरं त्याची नव्हतीच. आणि तिसरं, बायको म्हणाली ते सोळा आणे खरं होतं.

राजाबाईची आई म्हाळसाबाई, कन्नडकडची. दसरा-दिवाळी झाली की मेंढरांचं खांड घेऊन तिचा कबिला खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचा, आणि पाऊस जवळ आला की परत वर. अशी बाई, पण जगात तिचा एकही फोटो नव्हता. नव्हता म्हणजे, होते, पण नव्हते. राजाबाईच्या लग्नाला देवगाव रंगारीहून फोटोवाला आला होता. त्यानं काढलेल्या फोटोंपैकी अकरांत म्हाळसाबाई आहे, आणि अकराच्या अकरा फोटोंत ती एक हिरवा पदर आहे. इवाई म्हणजे व्याही समोर, थोरले दीर समोर, त्यात फोटोवाला परका गडी. अशात पदर हनुवटीच्या वर गेला तर ती म्हाळसाबाई कसली. नातेवाईक अल्बम बघताना म्हणायचे, "ही राजाची माय." म्हणजे तसं ठरवून घ्यायचं.

मागल्या साली राजाबाईनं एक प्रयत्न करून पाहिला होता. मुंजाबाला कारखान्यात सुरक्षेवरच्या घोषवाक्याचं बक्षीस म्हणून प्लास्टिकचा छोटा कॅमेरा मिळाला होता. घोषवाक्य मुळात राजाबाईचं होतं अशी गल्लीत बोलवा आहे. मुंजाबानं ती कधी खोडली नाही. त्या कॅमेऱ्यावर राजाबाईनं गल्लीतली बारशी काढली, डोहाळजेवणं काढली. बायका तिच्यासमोर मोकळ्या बसायच्या, दात काढून हसायच्या. मग खांड वाळूजच्या पलीकडं उतरलं तशी ती आईकडं गेली. दुपारची वेळ, गडी मेंढरांमागं गेलेले, वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, चिटपाखरू नाही. म्हाळसाबाईनं लेकीच्या हट्टापायी पदर कपाळापर्यंत नेला. खटका वाजला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात आभाळ होतं पांढरंफेक, रान पांढरंफेक, आणि पदराच्या आत काळंमिट्ट. घोंगडीला भोक पडावं तसं.

शहरात गुलमंडीवरच्या ज्या स्टुडिओत तो रोल धुवायला दिला होता, तिथला बद्रीनाथ चष्म्यावरून बघत म्हणाला होता, "बाई, हा कॅमेरा नाही, साबणाची डबी आहे. समोर काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. उजेड किती घ्यायचा हे ज्याला सांगता येतं, तो कॅमेरा."

हे वाक्य राजाबाईच्या डोक्यात वर्षभर बसून राहिलं.

आणि यंदा खांड परत वाळूजजवळ उतरलं होतं. एका शेतकऱ्याच्या काळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली, मुक्काम आठ दिवसांचा. म्हाळसाबाईनं सांगून टाकलं होतं की गुडघे आता चालू देत नाहीत, पुढल्या साली तुझे भाऊ-भावजया येतील, मी गावातच राहीन. गावात म्हणजे पुढं सासरे, मागं दीर, पदर चोवीस तास. तोंड उघडं सापडायचं ते वाड्यावर, दुपारच्या त्या दोन घटकांत. म्हणजे या आठ दिवसांत.

मेंढरांचं असं होतं. लग्नात आईनं लेकीला दोन मेंढ्या आंदण दिल्या होत्या. बजाजनगरच्या खोलीत माणसंच आडवी व्हायची तर पाळी लावून. मेंढ्या कुठं बांधणार? म्हणून त्या आईच्याच खांडात राहिल्या, वाढल्या, पाच झाल्या. खांडात त्या चुकू नयेत म्हणून त्यांच्या डाव्या कानाला एक भेग दिलेली होती. डावा कान फाटका, की ते राजाबाईचं. अख्ख्या कबिल्यात यावर दुमत नव्हतं.

मग पहिल्याच दिवशी राजाबाई वाड्यावर गेली. संगं सासरे मल्हारराव. हे चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेले. पायांनी संप केला म्हणून लेकाकडं येऊन राहिलेले. खोलीच्या उंबऱ्यावर बसून येणारी-जाणारी माणसं ते मेंढरं मोजावीत तशी मोजायचे, आणि संध्याकाळी एखादं कमी भरलं तर मुंजाबाला विचारायचे. आता इवाई आणि इहीन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. म्हणून मल्हारराव पंधरा हात लांब, बाभळीखाली, तोंड फिरवून बसले. बोलणं चाललं ते राजाबाईमार्फत. म्हणजे तिच्या नावानं. ऐकू सगळ्यांना सगळं येत होतं.

"पाच मेंढरांचं एक खोकं?" म्हाळसाबाई पदराआडून म्हणाली.

"व्हय माय."

"दूध देतं?"

"नाय."

"लोकर?"

"नाय."

"कोकरू तरी देतं का वर्साला?"

"फोटू देतं माय."

"नि चरतं काय?"

"रोल. इकत घ्यावा लागतो."

"म्हंजी इकत चारायचं नि कागद काढायचे." म्हाळसाबाईनं काडीनं चुलीतली राख उकरली. "तुझ्या सासऱ्यांना इचार, त्यांला हे पटलंय का."

मल्हाररावांनी बाभळीला सांगितलं, "इहीनबाईंना म्हनावं, चाळीस वर्सं जनावरं पारखली. एक बी भाकड घरी आनलं नाय. हे बी पारखून घिऊ."

"मग त्यांलाच संगं ने," म्हाळसाबाई म्हणाली. "तू नुसतं चकाकतं ते बघशील. लहानपनापून तुझं तसंच हाये, कोकरू घ्याया सांगितलं तर ज्याच्या गळ्यात घुंगरू ते उचलायची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आनल्यावर मला दाव. पाच मेंढरं कशी दिसत्यात ते बघू दे."

भावानं बाजाराच्या दिवशी मेंढ्या विकल्या. पैसे राजाबाईच्या पदराच्या गाठीत आले. गाठ लहानच होती. पण बसमध्ये बसल्यापासून गुलमंडीपर्यंत तिनं ती मुठीतून सोडली नाही. त्या गाठीत आता आईचं आंदण होतं, आणि चुकीचं खोकं घरी आलं तर आंदणही गेलं आणि आईचं तोंडही गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बद्रीनाथचं दुकान म्हणजे पुढं काउंटर आणि मागं काळा पडदा. पडद्यामागं त्याची बायको लक्ष्मीबाई. शहरात चाळीस वर्षं बद्रीनाथच्या फोटोंची तारीफ होती, आणि चाळीस वर्षं शेजारचे दुकानदार चहा पिताना सांगायचे की खटका याचा, पण फोटो तिचा. रोल ती धुणार, डाग ती भरणार, पडदानशीन घरच्या बायका आल्या की याला बाहेर पानाच्या ठेल्यावर पाठवून फोटोही तीच काढणार. बद्रीनाथला विचारलं तर म्हणायचा, "मियाँ, घर की बात है." नाही म्हणायचा नाही.

त्यानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले, तिन्ही हातफेरीचे. "बजेट बोला, त्यातलं दाखवतो," म्हणाला. मल्हाररावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाजारात गिऱ्हाइकानं आधी गाठ दाखवायची नसते.

पहिला चंदेरी, सगळं आपलं आपण करणारा. मल्हाररावांनी तो उचलला, दाराशी नेला, उन्हाकडं धरला आणि भिंगात एक डोळा लावून बघितलं. अगदी मेंढीची पापणी वर करून बघावी तसं.

"ह्याच्या डोळ्यात फूल पडलंय," म्हणाले.

"कुठं? दाखवा." बद्रीनाथनं चष्मा वर केला. "हां, थोडीशी बुरशी आहे आतून. पावसाळ्यात होतं. फोटोत काही दिसत नाही."

"बाजारातला येपारी बी हेच म्हनतो. दावनीला बांधल्यावर दिसतं."

चंदेरी बाजूला गेला.

दुसऱ्यावर राजाबाईचं मन जडलं. काळा, हलका, आणि डोळा लावला की आत एक बारीक लाल दिवा. बद्रीनाथनं सांगितलं, उजेड बरोबर असला की दिवा ठरतो, कमी-जास्त असला की लुकलुकतो. राजाबाईला वाटलं, हेच की. वर्षभर हेच तर हवं होतं. कोणीतरी सांगणारं, की आता बरोबर, आता नाही. तिनं तो छातीशी धरला तो खाली ठेवेना. किंमत गाठीच्या थोडी बाहेर जात होती, पण घासाघीस केली की बसली असती.

"ह्यो काय खातो?" मल्हाररावांनी विचारलं.

"बॅटरी लागते. बारीक असते, गोळीसारखी."

"नि नसली तर?"

"तर बंद."

"पार बंद?"

"पार."

मल्हाररावांनी सुनेकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. न बोलता बोलायची ही त्यांची रीत मुंजाबानं बापाकडूनच उचललेली.

तिसरा जड. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतलं पितळ पिवळं दिसत होतं. मल्हाररावांनी त्याचं मागलं दार उघडायला लावलं आणि आतल्या दात्यांवरून बोट फिरवलं. "दात बारीक हायत, पन सगळे हायत." मग खटका कानाशी नेऊन दहादा वाजवायला लावला. "खोकत नाय." हातावर तोलला. "हाडपेर चांगलं. ह्याला खोट काय?"

"कशावरून म्हणता, खोट आहे?"

"मंग सगळ्यात मागं काहून ठिवला?"

बद्रीनाथ हसला. "उजेडाचा काटा मेलाय त्याचा. बाकी बॅटरी नको, काही नको, घाटावरून पडला तरी उठून चालेल. पण उजेड किती तो सांगणार नाही. तो तुमचा तुम्हाला ओळखावा लागेल."

"मग नगं," राजाबाई सासऱ्यांना पटकन म्हणाली. "मामा, मला तेवढंच तर कळत नाय. गेल्या साली तिथंच तर घात झाला."

तेव्हा मागचा काळा पडदा हलला आणि लक्ष्मीबाई बाहेर आली. ठेंगणी, हाताची बोटं औषधानं तपकिरी झालेली. तिनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. राजाबाईचा हात धरून तिला दुकानाच्या पायरीवर नेलं.

"घड्याळ आहे?"

"नाय."

"किती वाजले असतील?"

राजाबाईनं समोरच्या कापडदुकानाच्या पाटीची सावली बघितली, मग स्वतःच्या पायाजवळची. "साडेबाराला थोडं कमी."

लक्ष्मीबाईनं आत भिंतीवरच्या घड्याळाकडं मान वळवली. बारा पंचवीस. तिनं ते बद्रीनाथलाही बघायला लावलं.

"कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात. मेंढरं पान्यावर न्यायची वेळ सावलीवरच बघत्यात."

"मग तुला काटा कशाला हवा?" लक्ष्मीबाई पायरीवर बसली आणि तिलाही बसवलं. "हे बघ. सावलीची कड सुरीसारखी असली की उजेड आत घेणारं भिंगाचं भोक सर्वांत बारीक, सोळावर; आकडा उतरेल तसं भोक मोठं. कड मऊ झाली, अकरा. सावली पुसट, आठ. सावलीच नाही, साडेपाच. आणि माणूसच झाडाच्या सावलीत बसलं असेल, तर चार. एवढंच आहे सगळं. हे लोक त्याचं शास्त्र करतात." 'हे लोक' म्हणताना तिनं मागं अंगठा केला. "तो लाल दिवा काय बघतो माहीत आहे? आभाळ बघतो, रान बघतो, मेंढरं बघतो, आणि सगळ्यांचं मिळून मधलंच काहीतरी सांगतो. पदराखाली काय आहे ते त्याला कुठून ठाऊक? ते तुलाच बघावं लागणार. काळ्या-पांढऱ्या रोलवर काढ. मी धुवून देईन, माझ्या हातानं."

राजाबाई बराच वेळ रस्त्यावरच्या सावल्या बघत राहिली. सायकलीची कड धारदार. हातगाडीच्या ताडपत्रीखाली मऊ. पाणपोईच्या आत नुसता उजेडाचा वास. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं. त्याला आकडे असतात हे फक्त नवीन होतं. ती उठली, आत गेली, आणि लाल दिव्याचा कॅमेरा काउंटरवर ठेवून दिला. ठेवताना बोट जरा रेंगाळलं. घुंगराची सवय एकाएकी जात नाही.

आता राहिला भाव. बद्रीनाथ सव्वीसशे म्हणाला. गाठीत बावीसशे होते, आणि त्यातच रोल यायचे होते.

मल्हाररावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढं झाले, आणि बद्रीनाथचा उजवा हात धरून त्यावर उपरणं टाकलं. मेंढ्यांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. कापडाखाली बोटं धरायची, किती बोटं धरली तो आकडा. चारचौघांना पत्ता लागत नाही. समोरच्यानं दुसरा हात वरून ठेवून दाबला की सौदा पक्का. मल्हाररावांनी दोन बोटं धरली. दोन हजार.

बद्रीनाथचा जन्म गुलमंडीतला. बोटांच्या भावाबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती. त्याला दिसलं ते असं, की पागोटंवाला एक म्हातारा आपला हात उपरण्याखाली घेऊन घट्ट धरून उभा आहे आणि डोळ्यांत डोळे घालून बघतोय. त्याला वाटलं, सुनेसाठी म्हाताऱ्याला गहिवरून आलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी त्याला पैसे दिले, पावत्या मागितल्या, तक्रारी केल्या. हात असा कोणी धरला नव्हता. त्यालाही भरून आलं. त्यानं डावा हात वरून ठेवला आणि मल्हाररावांचा हात प्रेमानं दाबला. एकदा नाही, दोनदा.

"झालं," मल्हारराव म्हणाले आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "सूनबाई, दोन हजार मोज."

"दोन हजार? कोण म्हणालं दोन हजार?"

"तुमी. आत्ता. दोनदा दाबलं."

"अहो बाबा, मी... ते मी आपलं असंच."

"असंच?" मल्हाररावांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "उपरन्याखाली असंच कोनी दाबत नसतं. चाळीस वर्सांत कोनी फिरला नाय."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बद्रीनाथ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लांब होत गेला, आणि मागं पडद्यापाशी लक्ष्मीबाई भिंतीला टेकून, तपकिरी बोटं तोंडावर धरून, आवाज न करता हसत होती. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठं थांबली.

"दाबलं ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"दाबलं, पण मला काय माहीत..."

"मग झालं. दिलं म्हणजे दिलं. चाळीस वर्षांत माझा हात असा दाबला असता तर आणखी कमी केलं असतं."

यावर बद्रीनाथनं कॅमेरा कागदात गुंडाळला. दोन रोल वेगळ्या पैशांनी दिले, आणि पट्टा तेवढा आपल्या मनानं नवा घातला. शेजारचे दुकानदार ही गोष्ट पुढं वर्षभर सांगत होते, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मल्हाररावांची बोटं एकेक कमी होत गेली.

मुक्कामाचा सातवा दिवस. दुपारची वेळ, गडी मेंढरांमागं. मल्हारराव मात्र आलेच. पारख त्यांची, मग कस लागताना ते घरी कसे बसतील? बाभळीखाली तोंड फिरवून बसले.

म्हाळसाबाईनं लिंबाच्या सावलीत बसून कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, वजन बघितलं. "पाच मेंढरांचं एवढंच झालं," म्हणाली. मग भिंगात बघितलं. त्यात तिला एक इवलीशी बाई उलटी दिसली. "हितं कोन बसलंय?"

"तूच हायेस. आता पदर वर घे."

म्हाळसाबाईनं बाभळीकडं हनुवटी केली. पदर होता तिथंच.

राजाबाई काही बोलायच्या आत मल्हारराव उठले. काठी टेकत अजून वीस पावलं पुढं गेले, उन्हात, पाठ करून उभे राहिले, आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. "इहीनबाईंना म्हनावं, मी आता खांब हाये."

"खांबाला कान असत्यात," म्हाळसाबाई पुटपुटली.

"कान हायत, डोळे नाय."

तरी पदर हलेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा पदर, तो काय एका खांबाच्या शब्दावर सरकतो? राजाबाई कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसून राहिली. ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळी गडी परतणार, आणि उद्या सकाळी तळ उठणार.

तेव्हा घोंगडीतून मल्हाररावांनी, कोणाला उद्देशून नाही, रानाला, गुलमंडीची हकिकत सांगायला सुरुवात केली. फोटोवाल्याचा हात कसा धरला. तो कसा बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत कसं पाणी आलं. "मला वाटलं, मान्साला भाव परवडंना म्हनून रडतंय. नि तेवढ्यात त्यानं दाबलं. मी म्हनलं, झालं. त्यो म्हनतो, मी आपलं असंच. राजाबाईच्या मायला इचारा, असंच दाबत्यात का?"

म्हाळसाबाई हसली. आधी पदरात, मग पदराच्या बाहेर. हसता हसता डोकं मागं गेलं आणि पदर आपणहून खांद्यावर उतरला.

राजाबाईनं आपला हात आईच्या गालाशी नेला, सावलीत, आणि तळव्यावरचा उजेड बघितला. कड नव्हती, सावलीही नव्हती. चुलीवर झाकलेल्या दुधासारखा मऊ उजेड. चार. तिनं आभाळाकडं बघितलं नाही, रानाकडं बघितलं नाही. भोक चारवर आणलं आणि खटका दाबला. मग आणखी दोनदा. तोपर्यंत पदर परत जागेवर गेला होता.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईनं फोटो हातात ठेवला. "आभाळ गेलं," म्हणाली. "रान गेलं. ते जाणारच होतं. पण हे बघ." आभाळ खरोखरच कागदासारखं कोरं होतं, आणि त्या कोऱ्यात एक बाई हसत होती. पुढला एक दात नाही, गालावर सुरकुत्यांची जाळी, कपाळावर गोंदण. मागं बद्रीनाथ टाचा उंचावून बघायला लागला तसा लक्ष्मीबाईनं फोटो पालथा केला. "पानाच्या ठेल्यावर जा तुम्ही," म्हणाली, आणि तो गेलासुद्धा.

खांड एव्हाना बिडकीनच्या पुढं सरकलं होतं. राजाबाई एसटीनं गेली, उतरल्यावर दोन कोस चालली. म्हाळसाबाई वाघूर, मेंढरं कोंडायची जाळी, सुकवत बसली होती. तिच्याकडं आरसा म्हणजे कुंकवाच्या डबीच्या झाकणातला, एका वेळी एक डोळा दिसेल एवढा. अख्खं तोंड तिनं कधी बघितलं असेल ते विहिरीत, वाकून, तेही हलतं. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ही कोन म्हनायची?"

म्हाळसाबाईनं मग तेच केलं जे खांडात अनोळखी मेंढरू आलं की करतात. तोंड सोडलं आणि कान बघितला. फोटोत डावा कान पुरता दिसत होता. खालची पाळी मधोमध चिरलेली, दोन भाग झालेली.

"डावा फाटका हाये," ती म्हणाली. "म्हंजी मीच."

"ह्यो कव्हा फाटला गं माय? मी कव्हा बघितलाच नाय."

"बघशील कशी, पदर असतो. तूच फाडला. आठ म्हैन्यांची व्हतीस, पाठीशी बांधली व्हती, नि कानातलं वढलंस ते सोडीनास." तिनं फोटोतल्या कानावरून अंगठा फिरवला. "तुझ्या मेंढरांची खून डाव्याच कानाला ना? मग हे बी तुपलंच मेंढरू. इकलं नाय तेवढं एकच ऱ्हायलं."

राजाबाईनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हाळसाबाईनं एका हातात फोटो धरला आणि दुसऱ्यानं तिच्या केसांतली बसमधली धूळमाती काढत बसली.

फोटो आता बजाजनगरच्या खोलीत आहे, टीव्हीसाठी म्हणून मुंजाबानं मोकळ्या ठेवलेल्या फळीवर. गल्लीतल्या बायका येतात, बघतात, आणि जाताना आपल्या सासूचा, आईचा असाच काढून घ्यायचं ठरवून जातात. पेच होता तो मल्हाररावांचा. सोयरीक सोयरीक असते. इहिणीचं उघडं तोंड बघायचं नाही, कागदावरचं तरी कसं बघावं? त्यांनी कोणाला न विचारता आपली बसायची जागा बदलली. उंबऱ्यावर बसतात तेव्हा पाठ फळीकडं. जेवायला बसतात तेव्हाही.

एकदा भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "सूनबाई, उजेड बराबर पडला का?"

"पडला मामा."

"मंग झालं. भाकड नाय निघालं."

आता सरूबाई शपथेवर सांगते की एका दुपारी खोलीत कोणी नसताना तिनं स्वतः बघितलं, म्हातारा फळीपुढं उभा होता. पण बाकीचंही तीच सांगते: घोंगडी त्यानं डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली होती, आणि आतून कोणाला तरी हळूच गुलमंडीची हकिकत ऐकवत होता.